साकुरा, आईचे गुडघे आणि टूरवाल्यांचं ‘पॅकेज’

तुमची पोस्ट वाचली आणि आमचा २०२४ सालचा सगळा ताप डोळ्यांपुढे आला. तुमची आई सत्तरीची, गुडघे दुखरे, शाकाहारी, जपानला जाऊन साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायची तिची फार वर्षांची इच्छा. टूरवाला म्हणतोय मार्चअखेरची ‘खात्रीची’ तारीख आहे, या आठवड्यात पूर्ण रक्कम भरा. भरू का, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: या अटींवर भरू नका. विमान, सिमकार्ड, व्हिसाचे फॉर्म वगैरे बाकीच्यांनी लिहिलंच आहे, ते सोडते. मी या धंद्यातली नाही, आणि सगळेच टूरवाले वाईट असंही म्हणणं नाही. पण आईवडिलांना घेऊन जाताना कुठे अडकायला होतं ते सांगते.

आधी त्या ‘खात्री’बद्दल. २०२३ साली तोक्योत साकुरा १४ मार्चलाच फुलला, २२ तारखेला पूर्ण बहर. तेच आकडे दाखवून आमच्या टूरवाल्यांनी पुढच्या वर्षीची तारीख अलीकडे ओढली. “मॅडम, आता हवामानच बदललंय.” बदललंय हे खरं, पण २०२४ साली तोक्योत पहिली फुलं आली २९ मार्चला आणि पूर्ण बहर ४ एप्रिलला! यासुकुनी देवळाच्या आवारात एक नमुन्याचं झाड आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की तिथलं हवामान खातं तोक्योत साकुरा फुलल्याचं जाहीर करतं, आणि ८० टक्के कळ्या उघडल्या की पूर्ण बहर. सरासरी बघाल तर २४ मार्च आणि ३१ मार्च. पण लागोपाठच्या दोन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक पडला. सहा महिने आधी खात्री देणारा माणूस फक्त तुमचे पैसे लवकर हातात यावेत म्हणून बोलतोय.

आता आमची खरी डोकेदुखी. त्या वर्षी मार्चमध्ये अंदाज पुढे सरकायला लागले, तेव्हा मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. म्हटलं, एक आठवडा पुढे ढकला, आम्ही दोघीच आहोत, ग्रुपचा प्रश्न नाही. तीन उत्तरं मिळाली. विमानाचं भाडं वाढेल. ठीक, भरते म्हटलं. हॉटेलांचे पैसे शंभर टक्के बुडतील. आणि व्हिसाची तारीख बदलता येणार नाही. हे तिसरं उत्तर निखालस खोटं होतं. जपानचा एका प्रवेशाचा पर्यटन व्हिसा मिळाल्या तारखेपासून तीन महिने चालतो. त्या मुदतीत कुठल्याही दिवशी उतरा. व्हिसावरची मुदत मी त्यांच्या टेबलावर बोट ठेवून दाखवली. “आमच्या सिस्टीममध्ये तसं नाहीये.” यावर काय बोलणार!

हॉटेलांचं तर आणखी मजेशीर. कुठली हॉटेलं घेतलीत ती नावंच द्यायला तयार नाहीत. म्हणे निघायच्या आठवडाभर आधी ऑपरेशन्सकडून येतील. आली तेव्हा मी त्याच हॉटेलांच्या साइटवर बघितलं, तर तशाच खोल्या राहायला जायच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करता येत होत्या. विचारलं तर “आमचा ग्रुप रेट वेगळा असतो.” असेलही. मग पैसे घेताना तसं लिहून द्यायचं होतं. ज्या गोड बोलणाऱ्या मुलाने पॅकेज विकलं त्याची तोवर दुसऱ्या शाखेत बदली झालेली, लँडलाइन नुसती वाजत राहायची, आणि ईमेलला ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ असं आपोआप येणारं उत्तर. शेवटी ठरल्या तारखेलाच गेलो. उएनो पार्कात नुसत्या काळ्या फांद्या आणि खाली निळ्या ताडपत्र्या घालून बसलेली आशावादी मंडळी.

झाडं काय, निसर्ग आहे. मला जास्त राग आला तो तोक्योजवळच्या हाकोने गावातल्या मुक्कामाचा. फॉर्मवर मी स्वच्छ लिहिलं होतं की आईला जमिनीवरून उठता येत नाही, पलंग हवा. मिळाली तातामीची, म्हणजे चटया अंथरलेली खोली, जमिनीवर गादी. खास पारंपरिक अनुभव म्हणून वर जादा पैसेही लावलेले. तिथल्या बिचाऱ्या बाईंनी तीन गाद्या एकावर एक रचून दिल्या आणि कुठूनशी एक खुर्ची आणली, म्हणून रात्र निभावली. शिवाय जवळजवळ रोज हॉटेल बदल. म्हणजे रोज बॅगा भरा, स्टेशन गाठा, लिफ्ट शोधा. मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट असते, पण ती अमुकच एका दाराकडे; चुकीच्या दाराने बाहेर पडलात की पुन्हा जिने. तरुण माणसाचीही तोक्योच्या शिंजुकू स्टेशनात दमछाक होते.

तर माझं ठाम मत (पटलं नाही तर सोडून द्या): हॉटेलं स्वतः घ्या, रद्द करता येतील अशीच घ्या, आणि तोक्यो व क्योतो अशा दोनच ठिकाणी बस्तान ठेवा. बाकी सगळं तिथून दिवसाचं जाऊन-येऊन. हाकोनेसुद्धा. दोन शहरांमधला दिवस कोरा ठेवा. सामान ताक्क्युबिनने (तिथली सामान पोचवणारी सेवा) पुढच्या हॉटेलवर पाठवा, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचतं. शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर बॅग गेली तर वेगळी जागा आरक्षित करावी लागते, तीही कटकट वाचते. आणि सात दिवसांचा जेआर पास (जपानी रेल्वेचा पास) कोणी गळ्यात मारत असेल तर साफ नाही म्हणा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० झाली. तोक्यो-क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन. हिशेब करा. आमच्या पॅकेजमध्ये तो पास होता, हे सांगायला नकोच.

तारखेचं म्हणाल तर मी एप्रिलचा पहिला आठवडा धरून निघेन आणि उशिरा फुलणाऱ्या झाडांवर भिस्त ठेवेन. सगळे ज्याच्या मागे धावतात तो सोमेई योशिनो जातीचा साकुरा आठवडाभरात झडतो, पण साकुरा म्हणजे तेवढाच नाही. क्योतोत निन्नाजी देवळातली ओमुरो झाडं साधारण एप्रिलच्या मध्याला फुलतात आणि ती मुळात बुटकी आहेत, फुलं चेहऱ्याच्या उंचीवर. मान वर करून चालताना तोल जाणाऱ्या माणसासाठी यापेक्षा सोयीची जागा नाही. ओसाकाच्या टांकसाळीतला रस्ता एप्रिलच्या मध्यावर आठवडाभर उघडतात. अलीकडे आधी ऑनलाइन नोंदणी लागते. रस्ता एकेरी, अर्ध्या किलोमीटरच्या थोडा वर, म्हणजे मध्येच मागे फिरता येत नाही हे लक्षात ठेवा. तोक्योत शिंजुकू ग्योएन बागेत उशिराच्या दुहेरी पाकळ्यांच्या जाती भरपूर. तिथे दारूला बंदी आहे, त्यामुळे उएनोसारखा गोंगाट नसतो. तिकीट ५०० येन, ६५ वर्षांवरच्यांना २५०, पासपोर्ट दाखवा.

लवकर पोचलात तरी हरकत नाही. क्योतो ग्योएन बागेत उत्तरेकडे कोनोए घराण्याच्या जुन्या जागेजवळ झुकत्या फांद्यांची झाडं आहेत, ती इतरांच्या आधी फुलतात. आमची ट्रिप त्यांनीच वाचवली. आई बाकावरून तासभर हलली नाही, मीही हलवलं नाही. फक्त आतले रस्ते खडीचे आहेत, काठी रुतते, चाकाची खुर्ची तर फारच जड जाते.

काय टाळायचं तेही सांगते, कारण रील्स बघून आई हट्ट धरणार. फुजी आणि लाल पॅगोडाचा तो प्रसिद्ध फोटो जिथून काढतात त्या चुरेइतोला ३९८ पायऱ्या आहेत. क्योतोतल्या केआगेचा जुना रेल्वेमार्ग फार सुंदर, पण रूळ आणि खडी. तिथल्याच कियोमिझू देवळाला चढ आणि वर पायऱ्या. फुशिमी इनारी देवस्थानात खालच्या कमानी बघून परत फिरा, डोंगर चढायची काही सक्ती नाही. क्योतोत या दिवसांत बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते, टॅक्सी करा. पॅकेजमध्ये न घातलेले पैसे इथे घाला. एअरलाइनकडे चाकाची खुर्ची आधीच मागून ठेवा. “मला कशाला, मी काय म्हातारी आहे का?” हे ऐकावं लागेल, ते एका कानाने ऐका. नारिता विमानतळाचे कॉरिडॉर लांबच लांब आहेत.

खाण्याचं बाकीच्यांनी लिहिलंय, एवढीच भर घालते की नुसतं ‘भाजी’ बघून फसू नका, रश्शात बहुधा माशाचं दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतं. बौद्ध देवळांतलं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी, मागा, त्यात समुद्री शेवाळ आणि अळंब्यांचा रस्सा असतो. तोक्योत असताना घरची आठवण अनावर झाली तर निशी-कासाई भागात जा, आपली माणसं आणि किराणा दोन्ही भेटेल.

औषधांचं मात्र हलक्यात घेऊ नका. महिन्याभराच्या आतली नेहमीची औषधं चालतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर असेल तर प्रिस्क्रिप्शन असलं तरी आधी परवानगी काढल्याशिवाय नेता येत नाही. पाकीट उलटं करून घटक वाचा, आणि डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ नावांचं इंग्रजी पत्र घ्या. प्रवासविमा घेताना आईचा बीपी-शुगर लपवू नका.

आणि टूरवाल्याकडूनच जायचं ठरलं, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी ईमेलवर मागा: प्रत्येक हॉटेलचं नाव, ते कुठल्या तारखेपर्यंत रद्द होतं, आणि प्रत्येक खोलीत पलंग आहे की नाही. तोंडी ‘हो मॅडम’ चालणार नाही. उत्तर यायला चार दिवसांहून जास्त लागले तर तिथेच थांबा. पैसे भरण्याआधी जे इतका वेळ लावतात, ते भरल्यावर फोनही उचलत नाहीत.