वाचकांचे प्रश्न : सड्यावरची हबे आमरी

प्रश्न : जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सातारा जिल्ह्यातील एका पठारावर गेलो होतो. कातळाच्या खोलगट भागात साचलेल्या चार बोटे मातीत, जमिनीला अगदी चिकटून पसरलेले एकच गोलसर पान आणि त्याच्या मधून वर आलेल्या वीतभर दांड्यावर दोन पांढरीशुभ्र फुले दिसली. सोबतच्या जाणकाराने हे ऑर्किड असल्याचे सांगितले. ऑर्किड झाडांच्या फांद्यांवर वाढतात अशी आमची समजूत होती. हे कोणते ऑर्किड, आणि ते उघड्या कातळावर कसे जगते?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून आणि सोबत पाठवलेल्या छायाचित्रावरून ही हबे आमरी आहे, असे म्हणता येते. ऑर्किडला मराठीत आमरी असे नाव आहे आणि हॅबेनेरिया या प्रजातीतील वनस्पतींना आपल्याकडचे निसर्गअभ्यासक हबे आमरी म्हणतात. या नावाखाली सह्याद्रीत अनेक जाती येतात. आपण पाहिलेल्या जातीचे शास्त्रीय नाव हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस असे लांबलचक आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन या दोघांनी 1930च्या दशकात मुंबई इलाख्यातील वनस्पतींची नव्याने छाननी करताना तिला हे नाव दिले. हॅबेनेरिया हे प्रजातीचे नाव मात्र त्याहून बरेच जुने, म्हणजे 1805 सालचे असून ते लगाम किंवा चामड्याचा पट्टा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. फुलाच्या ओठासारख्या पाकळीचे लांब, दोऱ्यासारखे भाग पाहिले की हे नाव का पडले असेल ते लगेच लक्षात येते.

ऑर्किड म्हणजे झाडावर वाढणारी वनस्पती, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. सीतेची वेणी म्हणून आपण जिला ओळखतो ती आमरी झाडाच्या फांदीवर वाढते. (तिला बांडगूळ म्हणणे चुकीचे आहे, कारण ती झाडाकडून आधार घेते, अन्न घेत नाही.) पण आमरींचा एक मोठा गट जमिनीतच रुजतो आणि जमिनीतच वाढतो. हबे आमरी या भूचर गटातील आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण या वनस्पतीचे सगळे वेगळेपण तिच्या जागेत आहे. आपण ज्याला कातळ म्हटले आहे तो जांभा आहे. लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकावर दीर्घकाळ ऊन-पावसाचा मारा होऊन त्यातील सिलिका धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, त्यातून हा तांबडा, सच्छिद्र, उघडा पडला की आणखी कठीण होणारा थर तयार झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर कास, पाचगणी, महाबळेश्वर या भागांत आणि खाली कोकणात असे जांभ्याचे सपाट माथे आहेत, आणि त्यांना लोक सडा म्हणतात. सड्यावर माती फार थोडी असते. कुठे बोटभर, कुठे खळग्यात वीतभर, तर कुठे मुळीच नसते. त्या मातीत पोषणद्रव्ये कमी आणि आम्लता अधिक असते. एप्रिल-मे महिन्यांत हा खडक इतका तापतो की त्यावर अनवाणी उभे राहवत नाही, आणि जुलैत त्याच जागी घोट्याएवढे पाणी साचलेले असते. चार महिने दलदल आणि आठ महिने भाजणारा कोरडा खडक अशा दोन टोकांच्या परिस्थितीत झाडझाडोरा तग धरू शकत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट हबे आमरीच्या पथ्यावर पडते. जिथे मोठी झाडे सावली धरत नाहीत, तिथेच जमिनीलगत पान पसरणाऱ्या एवढ्याशा वनस्पतीला पुरेसा उजेड मिळतो.

उन्हाळा ती जमिनीखाली काढते. मातीत तिचा एक लहानसा कंद असतो, आणि पावसाळा संपल्यावर वर दिसणारे पान व दांडा पूर्ण वाळून गेले तरी हा कंद जिवंत राहतो. पहिल्या दमदार पावसानंतर कंदातून पान आणि पाठोपाठ फुलाचा दांडा बाहेर येतो. या वाढीवर जुना कंद खर्ची पडतो आणि पावसाळ्याच्या काळात पानाने तयार केलेल्या अन्नावर शेजारी नवा कंद भरतो. म्हणजे आपण पाहिलेले ते एकुलते एक पान पुढच्या वर्षीच्या फुलासाठी अन्न साठवत होते. कुणी ते पान पायाखाली चिरडले, तर पुढच्या वर्षीचा कंद नीट भरत नाही, ही गोष्ट पठारावर फिरणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते.

ही जाती इतक्या लवकर, आषाढाच्या आसपास, का फुलते याचाही विचार करण्यासारखा आहे. सड्यावरची फुले म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर भाद्रपदातील तेरडा, सीतेची आसवे, गेंद यांचे गालिचे येतात. त्या वेळेपर्यंत गवत गुडघ्याला लागलेले असते आणि जमिनीला चिकटलेल्या पानाला ऊन मिळणे अवघड झालेले असते. जूनअखेर आणि जुलैत मात्र गवत नुकतेच कोंबावर असते. दीपकाडी, भुईचक्र आणि डबक्यांतला वायतुरा हेही याच सुमारास फुलतात. कंदात साठा तयार असल्यामुळे या साऱ्यांना बी रुजण्याची वाट पाहावी लागत नाही आणि गवत वाढण्यापूर्वीचे थोडे आठवडे त्यांच्या वाट्याला येतात. गालिचे पाहायला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या नजरेला हबे आमरी कधी पडत नाही, कारण ते पोहोचतात तेव्हा तिची फुले होऊन गेलेली असतात.

फुलाविषयी थोडे. त्याच्या मागच्या बाजूला खाली लोंबणारी एक बारीक नळी आपल्याला छायाचित्रात दिसेल. तिला शुंडिका म्हणतात. हॅबेनेरिया प्रजातीत मधुरस या नळीच्या तळाशी असतो आणि तिथवर लांब सोंडेच्या कीटकांनाच पोहोचता येते. फुलांचा पांढरा रंग अंधारात उठून दिसणारा असल्याने या प्रजातीतील बऱ्याच जातींचे परागीभवन रात्री उडणारे पतंग करतात. सुटे परागकण नसतात, ते एकत्र बांधलेले परागपुंज असतात आणि त्यांच्या टोकाला चिकट गोळी असते. पतंग रस पिण्यासाठी तोंड आत घालतो तेव्हा ती गोळी त्याच्या सोंडेला किंवा डोळ्याजवळ चिकटते, आणि पुढच्या फुलावर तो परागपुंज आपोआप योग्य जागी टेकतो.

प्रश्न : पठारावर या वनस्पती पुष्कळ दिसतात. त्यांतील एखादा कंद मातीसकट काढून कुंडीत लावला तर जगेल का? आम्ही झाडांची नीट काळजी घेतो.

उत्तर : जगणार नाही, आणि कृपया तसा प्रयत्न करू नये. आपल्या काळजी घेण्याबद्दल मला शंका नाही, पण तिला जे लागते ते कुंडीत देता येत नाही.

आमरीचे बी धुळीच्या कणासारखे असते. एका बोंडात अशी हजारो बिया असतात आणि वाऱ्याबरोबर दूर जातात. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी अन्नाची शिदोरी असते, तशी या बियांत जवळजवळ नसते. बी मातीत पडल्यावर तिथे विशिष्ट प्रकारचे कवक, म्हणजे बुरशी, असेल, त्याचे तंतू बीमध्ये शिरले आणि त्यांच्याकडून अन्न मिळाले, तरच ते रुजते. आमरी आणि कवक यांचे हे नाते फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी 1899 साली उलगडले. रुजल्यानंतरही रोप बराच काळ जमिनीखालीच, हिरवे पान न काढता, त्या कवकावर पोसले जाते, आणि पहिले फूल दिसायला काही वर्षे लागतात. पूर्ण वाढलेल्या आमरीच्या मुळांतही हे कवक राहते. म्हणून आपण उचलता तो कंद त्या मातीतील कवकापासून, जांभ्यातून पाणी झिरपण्याच्या त्या विशिष्ट पद्धतीपासून आणि आठ महिन्यांच्या कडक कोरड्या झोपेपासून तोडलेला असतो. कुंडीत रोज पाणी घातले की तो बहुधा कुजतो, आणि पाणी तोडले की सुकतो. जुना कंद आणलात तर त्यात उरलेल्या साठ्यावर एखादे फूल येईलही, आणि त्यामुळे लागवड यशस्वी झाली असा समज होईल, पण पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही.

प्रयोगशाळेत कवकाशिवायही आमरीचे बी रुजवता येते. अमेरिकेतील लुईस नड्सन यांनी 1922 साली साखर व क्षार घातलेल्या माध्यमावर ते करून दाखवले आणि आज बाजारात मिळणारी बहुतेक शोभेची ऑर्किड याच वाटेने तयार होतात. आपल्याला आमरी पाळण्याची हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली अशी रोपे घ्यावीत. रानातली आमरी उपटणे राखीव वनात आणि अभयारण्यात कायद्याने गुन्हा आहे. याशिवाय जंगली वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात आमरींचे संपूर्ण कुळ समाविष्ट आहे.

आणि ‘पुष्कळ दिसतात’ याविषयी : एका सड्यावर त्या पुष्कळ असू शकतात, पण ही जाती भारतीय द्वीपकल्पाबाहेर आढळत नाही. तिला चालणारे सडे मोजके आहेत. सरकारी दप्तरात आणि लोकांच्या बोलण्यात ही जमीन पडीक ठरते, म्हणून चिरेखाणी, रस्ते, पवनचक्क्यांचे तळ आणि घरांचे भूखंड यांसाठी तिचाच पहिला विचार होतो. उजाड माळ हिरवा करावा या चांगल्या हेतूने बाहेरची माती टाकून तिथे झाडे लावली जातात तेव्हाही आमरीचे तितकेच नुकसान होते, आणि हे सांगितले की पुष्कळांना आश्चर्य वाटते.

प्रश्न : मागच्या वर्षी जिथे हबे आमरी पाहिली होती तिथे या वर्षी एकही फूल नव्हते. ती नष्ट झाली असेल का?

उत्तर : लगेच तसे मानू नये. भूचर आमरी काही वेळा एखादे वर्ष फक्त पान काढतात आणि फुलत नाहीत, तर काही वेळा वर्षभर, क्वचित त्याहून अधिक काळ, जमिनीवर काहीच दिसू न देता कंदरूपातच राहतात. पाऊस उशिरा आला, मधे मोठी उघडीप पडली किंवा आदल्या वर्षी पान लवकर वाळले, तर कंदात फुलण्याइतका साठा जमत नाही. त्यामुळे एका वर्षाच्या पाहणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. लागोपाठ चार-पाच वर्षे, पाऊस सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत त्याच ठिकाणी जावे आणि फुलांपेक्षा पानांची मोजदाद करावी. चालताना उघड्या खडकावरून चालावे, मातीच्या खळग्यांत पाय टाकू नये, आणि छायाचित्रासाठी भोवतालचे गवत उपटू नये. नोंदीत तारीख, पहिला पाऊस कधी झाला, पाने किती, फुले किती आणि मातीची खोली साधारण किती, एवढे लिहिले तरी ते उपयोगी पडते. नेमके ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर जाहीर करू नये, स्थानिक अभ्यासकांना किंवा वनखात्याला कळवावे.