एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, मुख्य प्रशिक्षक व्हायला आधी तिथला मोठा खेळाडू असावं लागतं का?

मुळीच नाही. तिथले नावाजलेले मुख्य प्रशिक्षक अँडी रीड यांचंच बघा. ते ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून खेळले, पण एनएफएलमध्ये एकही सामना खेळले नाहीत. १९८२ मध्ये त्याच विद्यापीठात मदतनीस म्हणून लागले आणि पुढची दहा वर्षं एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात फिरत राहिले. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये असताना संघासाठी पैसे उभे करायला त्यांनी हॉट डॉगही विकले.

१९९२ मध्ये जुन्या ओळखीचे माइक होमग्रेन ग्रीन बे पॅकर्स या एनएफएल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी रीडना सोबत घेतलं. या पेशात अशा ओळखी फार कामाला येतात, पण आधी त्या माणसाने तुमचं काम जवळून पाहिलेलं असावं लागतं.

एरवी वाट अशी: मदतनीस, मग एखाद्या जागेच्या खेळाडूंचा प्रशिक्षक, मग कोऑर्डिनेटर, म्हणजे संघाचं सगळं आक्रमण किंवा सगळा बचाव सांभाळणारा प्रशिक्षक, मग मुख्य प्रशिक्षक. रीड कोऑर्डिनेटर न होताच १९९९ मध्ये क्वार्टरबॅकच्या (आक्रमण चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) प्रशिक्षकपदावरून थेट फिलाडेल्फिया ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. तिथे १४ हंगाम काढले, सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, एकदा पोचले, हरले, आणि २०१२ च्या वाईट हंगामानंतर त्यांना काढून टाकण्यात आलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. लगेच २०१३ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्यांना घेतलं. मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिला सुपर बोल त्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये जिंकला, वयाच्या ६१ व्या वर्षी. नंतर २०२३ आणि २०२४ मध्ये आणखी दोन.