सही राहून गेलेलं मृत्युपत्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बाबांनी मृत्युपत्र टाईप करून घेतलं होतं, सहीच्या आधीच ते गेले. त्यात घर धाकट्या भावाला दिलंय. घरात आई, दोन भाऊ आणि मी. ते चालेल का?

नाही चालणार ताई. भारतीय वारसा कायदा 1925, कलम 63 प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. स्टँप पेपर नको, रजिस्ट्रेशनही सक्तीचं नाही, पण सह्या नसतील तर तो नुसता कागद. मग हिंदू वारसा कायदा 1956 लागतो, म्हणजे घर बाबांच्या स्वकष्टाचं असेल तर आई आणि तुम्ही तिघं, प्रत्येकी चार आणे, मुलीचं लग्न झालंय का याचा काही संबंध नाही. बाबांची आई हयात असेल तर मात्र पाच सारखे वाटे पडतात, आणि या आजीला लोक हमखास विसरतात, मग पुढे तिच्या वाट्यावरून आत्या-काका दारात येतात.

बाबांची इच्छा पाळायचीये? जरूर पाळा, पण बाकीच्यांनी मनापासून धाकट्याच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि ते सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचं, नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही. आईला मात्र सही करायला घाई करू नका, तिच्या म्हातारपणाची सोय आधी बघा.

प्रश्न: भाऊ म्हणतो, सातबाऱ्याला वारस लावायचेत, कोऱ्या कागदावर सही कर.

अजिबात करायची नाही!! वारस नोंदीला मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र लागतं, कोरा कागद कशालाच लागत नाही. तलाठी फेरफार (म्हणजे नावबदलाची नोंद) धरतो, नोटीस निघते, तुमचं नाव वगळलेलं दिसलं तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करायच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद झालीच तरी हक्क बुडत नाही, फेरफाराने मालकी ठरत नाही, पण नंतर निस्तरायला वर्षं जातात.

प्रश्न: एफडीला नॉमिनी मोठा भाऊ. पैसे त्याचेच का?

नाही. बँक पैसे त्याच्या हातात देईल, पण तो फक्त सांभाळणारा, वाटा सगळ्या वारसांचा. शेअर्सबद्दलही सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये हेच सांगितलंय. नॉमिनीच नसेल आणि रक्कम मोठी असेल तर बँक बहुतेक वेळा कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस असल्याचा दाखला मागते, तेव्हा आधी ब्रँचमध्ये जाऊन त्यांची लिमिट विचारा, मगच वकील गाठा.