भंडाऱ्यावर घेतलेली शपथ

पत्र थोडक्यात असं आहे : "माई, भांडुपला माझं पोळीभाजी केंद्र आहे. एका संस्थेच्या सांगण्यावरून आठ महिन्यांपूर्वी एका मुलीला कामावर घेतलं. वय 22. लग्न लावून देतो म्हणून गावाकडून आणलेली, मग दोन वर्षं डांबून धंद्याला लावलेली. पहिल्याच रात्री तिथल्या घरवालीने तिला देवीपुढे भंडारा उचलायला लावला : पळालीस तर पाठचा भाऊ रक्त ओकून मरेल. गेल्या आठवड्यात त्या भावाला टायफॉइड झाला आणि हिला अनोळखी नंबरवरून फोन आला, 'बघ, देवी जागी आहे.' तेव्हापासून पोर जेवत नाही, परत जाते म्हणते. मिस्टर म्हणतात, सगळं थोतांड आहे, खडसावून सांग. सासूबाई म्हणतात, देवऋषीकडे नेऊन उतारा करा, शुद्धी होईपर्यंत देवघराकडे फिरकू देऊ नका. मी माळकरी आहे. काय करू?" – शुभांगी (नाव बदललं आहे)

शुभांगीताई,

आधी तो फोन. भावाच्या आजाराची बातमी त्या बाईला देवीने दिली नाही, गावातल्या कुणीतरी दिली. मुलीचा नवा नंबरही कुणीतरी दिला. म्हणजे तिला विकणाऱ्यांचे लागेबांधे अजून शाबूत आहेत. नंबर, वेळ आणि बोललेले शब्द आजच लिहून ठेवा, कॉलची नोंद पुसू देऊ नका, संस्थेतल्या ताईंना कळवा आणि मुलीची तयारी असेल तर त्यांच्यासोबत पोलिसांत जा. अशी धमकी हाच गुन्हा आहे. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. 1987 च्या कायद्याने महिलांना आणि मानवी व्यापारात सापडलेल्यांना तो हक्क दिला आहे. दारात कुणी अनोळखी माणूस चौकशी करत आलाच तर 112 लावा. आणि थोडे दिवस तिला काउंटरवर किंवा डबे पोहोचवायला न पाठवता आत ठेवा, पण का ते सांगून. न सांगता आत ठेवलंत तर तिला तेही डांबणंच वाटेल.

"देवीने नाही, माणसांनी सांगितलं" हे मी तुम्हाला लिहिलं. तिला मात्र असं सांगू नका, विचारा : "भाऊ आजारी आहे हे त्यांना कुणाकडून कळलं असेल गं?" आणि गप्प बसा. उत्तर तिचं तिला सापडू दे.

भावाचं तोंड तिला रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दिसू दे. जमलं तर त्याच्या डॉक्टरांशीही तिचं बोलणं करून द्या. टायफॉइड दूषित पाण्यातून, अन्नातून होतो आणि अँटिबायोटिकचा कोर्स पुरा केला की बहुतेक वेळा बरा होतो, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्याला वेगळं वजन असतं.

आता शपथेकडे येते. तुमच्या मिस्टरांचा राग मला समजतो, पण खडसावू नका. दोन वर्षं घरवालीने दिलेली प्रत्येक धमकी खरी ठरली आहे. उपाशी ठेवीन म्हणाली, ठेवलं. मारीन म्हणाली, मारलं. मग तिची हीच एक धमकी खोटी, हे मुलीने कशावरून मानायचं? तिचं भय अडाणीपणातून आलेलं नाही, अनुभवातून आलेलं आहे. खडसावणारा आवाज तिने पुरेसा ऐकला आहे.

देवीच्या नावाने पोरी बांधून टाकणं आपल्याकडे नवं नाही. देवाला वाहिलेल्या किती पोरी कामाठीपुऱ्यात येऊन पडल्या, हे मुंबईला ठाऊक आहे. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 मध्ये कायदा झाला, कर्नाटकात 1982 मध्ये, महाराष्ट्रात पुन्हा 2005 चा. कायद्याने प्रथा बंद होते, देवीच्या कोपाचं मनातलं भय तेवढ्याने जात नाही. देवीची म्हणून राखलेली केसांची जट काढायला जाणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना हे पक्कं माहीत असतं. त्या आल्या आल्या कात्री काढत नाहीत, बाईशी आणि घरच्यांशी बोलत राहतात. बाई स्वतः हो म्हणाली की मगच कात्री.

तिकडे नायजेरियात, बेनिन सिटी भागातल्या मुलींना युरोपात विकण्याआधी देवळात नेऊन अशाच शपथा घालायचे. 2018 च्या मार्चमध्ये तिथल्या राजाने, ओबा एवुआरे दुसरे यांनी, पुजाऱ्यांना राजवाड्यात बोलावून त्या शपथा रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि पोरी विकणाऱ्यांनाच शाप दिला. पुष्कळ मुलींना त्यानंतर मोकळं वाटलं, कारण ज्याचा शब्द त्या मानत होत्या त्यानेच गाठ सोडली होती. तुमच्या मुलीच्या मनात असा शब्द कुणाचा आहे? आजीचा, कुलदेवीचा, गावच्या पुजाऱ्याचा? की कुणाचाच नाही? हे तिलाच विचारायला हवं. माझं स्वतःचं म्हणाल तर, गळ्याशी हात घालून वदवून घेतलेली ती भाक नव्हेच. मोडल्याचं पाप लागलं तर ती वदवून घेणारीला लागेल.

तिला देवीची ओटी भरून "माझी सुटका कर" म्हणायचं असेल, तर खण-नारळ घेऊन तिच्यासोबत मुंबादेवीला जा, महालक्ष्मीला जा. गावच्या देवळात सध्या नको. देवऋषी मात्र नकोच. तो अंगारा देऊन थांबेल याची खात्री कोण देणार? भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मंत्राचा धाक घालणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिवाय तिची कहाणी आणखी एका परक्या माणसापुढे उघडी पडेल. तुम्हीही ती खोदून विचारू नका. झोप आणि जेवण परत येत नसेल तर संस्थेकडून समुपदेशक मागा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो.

सासूबाईंच्या "शुद्धी" या शब्दाने मला फार दुखलं. ताई, तुम्ही माळकरी आहात, कान्होपात्रा तुम्हाला मी काय सांगावी? मंगळवेढ्याच्या गणिकेची लेक. बादशहाची माणसं न्यायला आली तेव्हा ती विठ्ठलाच्या पायाशी गेली. आधी शुद्ध होऊन ये, असं त्याने म्हटलं नाही. आज तिची समाधी त्याच्याच आवारात आहे, तरटीच्या झाडाशी. सासूबाईंना हे जरूर सांगा. मुलीला सांगू नका, निदान आत्ता नको. त्या कथेत कान्होपात्रा जिवंत परत येत नाही, आणि या पोरीला अब्रूपेक्षा जीव थोर आहे असंच ऐकायची गरज आहे.

तिला देवाधर्मातलं काहीच नको असेल, तर तेही चालू द्या. तुमच्याकडचं काम आणि पगार तिला हरिपाठाला बसण्याच्या बदल्यात मिळता कामा नये.

आणि सासूबाईंना एक विनंती करून बघा. संध्याकाळी फुलवाती वळायला बसतात तेव्हा तिला शेजारी बोलवा म्हणावं. आली तर आली. आठ महिने तुमच्या घरच्या पोळ्या तिच्याच हातच्या खाताय सगळे, मग वातीला तो हात का नको?

भावाचा ताप उतरला की दोन ओळी कळवा. वाट बघते.

– माई