क्योतोत पाचला अंधार पडतो

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतची यादी, दोन्ही वाचलं. जपानी भाषेची एन-फोर परीक्षा पास झाल्याचं बक्षीस म्हणून स्वतःच्या पगारातले पैसे साठवून जपान बघायचं ठरवलंस, हे झकास केलंस. यादी मात्र रद्द कर. आठ दिवसांत तोक्यो, हाकोने, क्योतो, ओसाका आणि हिरोशिमा म्हणजे प्रत्येक गावात नुसती हजेरी लावून यायची. पैसे बेताचे, दिवस थंडीचे आणि खेप पहिली, अशा वेळी एकच गाव धरावं आणि ते क्योतो असावं. ७९४ साली राजधानी झालेलं आणि पुढची हजारावर वर्षं राजधानी राहिलेलं ते गाव आठ दिवसांत संपत नाही, काळजी करू नकोस.

तोक्यो गाळलंस की पहिली बचत तिथेच होते. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदल आणि सरळ ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतर. तिथून 'हारुका' गाडी सव्वा तासाच्या आसपास क्योतोला सोडते. तेही पैसे वाचवायचे तर साध्या काइसोकुने, म्हणजे जलद लोकलने, ओसाका स्टेशन गाठ आणि तिथून शिनकाइसोकुने, म्हणजे विशेष जलद गाडीने, क्योतो. साधारण दोन हजार येन लागतात. आणि तो जपानभर चालणारा रेल्वे पास! तुझ्या मेलमध्ये त्याचं नाव सारखं येतंय. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला. त्याआधीचे व्हिडिओ बघून लोक अजून तो घेत बसतात. एका गावात मुक्काम ठोकणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. येनला साठ पैसे धर, म्हणजे हे तीस हजार रुपये झाले. तेवढ्यात तुझा आठवडा निघतो: झोपायला तीन हजार येन, खायला दोन हजार, तिकिटांना तेराशे, फिरायला सातशे, रोजचे सात हजार.

आता मुद्द्याचं. कमी पैशांत जास्त कसं बघायचं, असं तू विचारलंस. हिवाळ्यातल्या क्योतोत पैशांच्या आधी उजेड संपतो. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. तिकिटाची बहुतेक देवळं साडेआठ-नऊला उघडतात आणि साडेचारला आवराआवर सुरू करतात. सान्जूसान्गेन्दो तर हिवाळ्यात साडेतीनलाच आत घेणं बंद करतं. जेवण आणि जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की हातात पाच तास उरतात. पण गंमत अशी की सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर जे जे उघडं असतं, ते जवळजवळ सगळं फुकट असतं. म्हणून दिवसाच्या दोन टोकांना फुकटातलं बघायचं आणि मधल्या उजेडात तिकिटाची दोन ठिकाणं, फार तर. तिसऱ्याचा मोह धरलास की तिन्ही धड होत नाहीत.

पहिल्या सकाळी फुशिमी इनारीला जा. क्योतो स्टेशनवरून नारा लाइनची साधी गाडी पकड, दुसरं स्टेशन इनारी, समोरच देऊळ. जलद गाडी तिथे थांबत नाही, तेवढं बघ. देवळाला दार नाही, तिकीट नाही, रात्रंदिवस खुलं. लोक खालच्या लाल तोरीईंच्या, म्हणजे लाकडी कमानींच्या, बोगद्यात फोटो काढतात आणि परत फिरतात. तू वर जा. डोंगर उणापुरा २३३ मीटरांचा आहे, आपली पर्वती-सिंहगड करणारी पोरं तो हसत चढतील. आणि उतरताना डोकं वर ठेव. तोरीईंच्या मागच्या अंगावर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि तारीख कोरलेली असते. चढताना ती दिसत नाही, उतरताना प्रत्येक खांबावर दिसते. काबुशिकी-गाइशा अमुक, काबुशिकी-गाइशा तमुक, म्हणजे अमुक कंपनी, तमुक कंपनी. इनारी धान्याचा, धंद्याचा देव, म्हणून दात्यांत कंपन्याच जास्त. एखादा खांब जुन्या शोवा सम्राटाच्या काळातला, त्याला खेटून कोरा करकरीत आताच्या रेइवा काळातला. लाकूड कुजलं की नवा दाता, नवी तोरीई. तुझ्या कांजी अक्षरांच्या वहीपेक्षा इथे जास्त अभ्यास होईल, तोही फुकटात.

दुसऱ्या एखाद्या सकाळी कियोमिझुदेरा हे देऊळ. ते वर्षभर सकाळी सहाला उघडतं, ५०० येन. १६३३ साली पुन्हा बांधलेला त्याचा लाकडी मंच गर्दीच्या आधी बघायला मिळाला तरच बघितल्यासारखा. हिगाशी होंगानजी हे देऊळ क्योतो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे, पहाटे उघडतं, तिकीट नाही. त्याची प्रचंड वास्तू १८९५ मध्ये पुरी झाली. तुळया ओढताना साधे दोर तुटायला लागले, तेव्हा देशभरच्या बायकांनी आपले केस कापून दिले आणि त्यांचे दोर वळले गेले. त्यातला एक दोर तिथल्या ओसरीत काचेमागे ठेवला आहे. त्या जाड काळ्या वेटोळ्यापुढे जरा थांब.

तिकिटांत मी कशाला हात आखडायचा नाही, तर सान्जूसान्गेन्दोला. हा लांबच लांब, सुमारे १२० मीटरांचा लाकडी दिवाणखाना. आत मधोमध बसलेली मोठी कान्नोन, म्हणजे आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, आणि दोन्ही बाजूंना हजार उभ्या कान्नोन. १२४९ च्या आगीनंतर १२६६ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. सगळे त्या हजार मूर्तींकडे बघत चालतात. तू पुढच्या रांगेतल्या अठ्ठावीस रक्षकांकडे बघ, ओळखीची मंडळी भेटतील. बोन्तेन म्हणजे ब्रह्मदेव, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, माकेइशुरा म्हणजे महेश्वर. कारुरा म्हणजे आपला गरुड. त्याला चोच आहे, पंख आहेत आणि तो चक्क बासरी वाजवतोय. बासु सेन्निन हा काठी टेकलेला म्हातारा ऋषी, बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. दोन टोकांना वारा आणि वीज, एकाच्या पाठीवर वाऱ्याची पिशवी, दुसऱ्याभोवती ढोलकांचं कडं. फोटोला बंदी आहे, ते एका परीने बरंच. इथून भूक वाढली तर तोजी देवळाच्या व्याख्यानगृहात जा. कूकाई या भिक्षूने मांडलेल्या मंडलातल्या एकवीस मूर्तींत इंद्र हत्तीवर आहे आणि चार तोंडांचा ब्रह्मा हंसांवर. आपल्याकडून निघून चीन-कोरिया करत ही मंडळी तिकडे पोचली आणि स्थायिक झाली. हे पुस्तकात वाचणं वेगळं, त्यांच्यासमोर कुडकुडत उभं राहणं वेगळं.

कुडकुडण्याचं म्हणतेय ते शब्दशः. जानेवारीत दुपारी पारा नऊ-दहावर जातो आणि पहाटे एक-दोनवर येतो. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. खरी थंडी लागते ती जमिनीतून. देवळांत आणि वाड्यांत बूट बाहेर काढायचे आणि शेकडो वर्षांच्या फळ्यांवर मोज्यांनी चालायचं, वर शेगडी-बिगडी काही नाही. निजोच्या किल्ल्यात पाय पडला की पक्ष्यासारखी चिवचिवणारी लाकडी जमीन आहे. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासूने तो वाडा बांधला आणि १८६७ मध्ये त्याच्या घराण्यातल्या शेवटच्या शोगुनने, म्हणजे लष्करी शासकाने, सत्ता सोडत असल्याचं तिथेच सांगितलं. महाग आहे, वाड्यासकट १,३०० येन, पण जावंच. जानेवारीत मंगळवारी आतला वाडा बंद असतो. सांगायचं काय, तर तिथल्या दुसऱ्या दालनात पोचेपर्यंत तळव्यांतून कळ वर चढते आणि मग भिंतीवरचे सोनेरी वाघ कोण बघतंय! लोकरीचे जाड मोजे घाल, भोक नसलेले. बूट लेस न सोडता काढता येतील असे. शंभर येनच्या दुकानात काइरो मिळतात, हवा लागली की तापणाऱ्या पुड्या, तळव्यांच्याही मिळतात. उघड्या कातडीवर लावू नकोस, भाजतं.

बर्फातलं किंकाकुजी, ते सोनेरी देऊळ, बघायचंय, असं तू लिहिलंस. सगळ्यांनाच बघायचं असतं. क्योतोत बर्फ पडतो तो एखाद्या रात्री, आणि दुपारपर्यंत वितळून जातो. त्याच्या भरवशावर बेत आखू नकोस. सकाळी खिडकीबाहेर पांढरं दिसलं, तर मात्र त्या दिवशीचं सगळं बाजूला ठेवून नऊच्या आधी दारात हजर राहा. बर्फ नसेल तर माझं मत ऐक आणि त्याऐवजी र्योआनजी देवळातल्या दगडांच्या बागेसमोर ओसरीवर बस. पंधरा दगड आहेत, कुठेही बसलीस तरी एखादा दडतोच. किंकाकुजी १९५० मध्ये जाळलं गेलं आणि १९५५ मध्ये नव्याने बांधलं. सुंदर आहे, पण रांगेत सरकत बघायचं आणि बाहेर पडायचं.

राहायला क्योतो स्टेशन ते गोजो या पट्ट्यात होस्टेल बघ. आडदिवसांना डॉर्मिटरीतला पलंग अडीच ते चार हजार येनमध्ये मिळतो, शनिवारी भाव चढतो. स्वस्त जागेला वर माणशी रोजचे २०० येन गावाचा कर. स्वयंपाकघर आहे ना, हे बुकिंगआधी विचार. सिटी बसचं तिकीट सध्या २३० येन. मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे. बस आणि भुयारी रेल्वेचा मिळून दिवसाचा पास १,१०० येनचा आहे, तो पाचव्या फेरीला वसूल होतो आणि तुझ्या पाच फेऱ्या होणार नाहीत. गाव चौकटीच्या आखणीचं आहे, चालताना रस्ता चुकत नाही.

शाकाहाराचं अवघड आहे, खोटा धीर देत नाही. वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या उदोनच्या रश्श्यात दाशि, म्हणजे कात्सुओबुशी या वाळवलेल्या माशाचा अर्क, असतोच असतो. वर्गात घोकलेलं "निकु मो साकाना मो ताबेमासेन" (मांस-मासे खात नाही) पुरत नाही. "दाशि मो दामे देस" (दाशिही चालत नाही) हे जोड. तरी दुकानदार गोंधळेल, कारण त्याच्या लेखी दाशि म्हणजे पाणीच. म्हणून एक वेळचं जेवण सुपरमार्केटमधून आण. क्योतोचं तोफू उत्तम, दाराशीच गरमागरम भाजलेली रताळी, मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा तयार भात. रात्री उशिरा डब्यांवर अर्ध्या किमतीची चिकटपट्टी लागते, हानगाकु वाचता येतंयच तुला. इथून मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी ने. तिथला चिकट भात आपल्या गुरगुट्या भातासारखा लागतो, त्यावर मेतकूट-लोणी काय जमतं! कच्चे तांदूळ, डाळी, फळं मात्र नेऊ नकोस, विमानतळावर वनस्पती-तपासणी कडक असते.

पाचनंतर खोलीत जाऊन रजईत शिरू नकोस. गल्लीतल्या सेन्तोत, सार्वजनिक न्हाणीघरात जा, पाचशेच्या आसपास येन. बायकांचा भाग वेगळा असतो. लाज वाटेल, सगळ्यांनाच वाटते. पाच मिनिटांत कळतं की कोणी कोणाकडे बघत नाही. आधी हौदाबाहेर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, मगच गरम पाण्यात उतरायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. दिवसभर पायांत साठलेली थंडी तिथे निघते आणि रात्री झोप लागते. जपानी ऐकायचं असेल तर आज्या तिथे भरपूर बोलतात, क्योतोच्या हेलात. पहिल्यांदा अर्धं कळणार नाही.

तारखा: २९ डिसेंबर ते ३ जानेवारी टाळ. किल्ला, राजवाडा, संग्रहालयं कधी ना कधी बंद, खोल्या महाग, देवळांत लोटच्या लोट. चिनी नववर्षाचा आठवडाही टाळ. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत गाव त्यातल्या त्यात मोकळं असतं. शिवाय जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत एरवी बंद असणारी काही देवळं आणि दालनं खास उघडतात, त्यातलं एखादं निवड. जमलं तर २५ फेब्रुवारी हाताशी ठेव. कितानो तेन्मानगूत उमेचा, प्लमच्या फुलांचा, उत्सव असतो आणि त्याच दिवशी आवारात जुन्या बाजारच्या पथाऱ्या लागतात. किमोनोचे तुकडे, पेले, जुनी नाणी, सगळं स्वस्तात. देव आहे सुगावारा नो मिचिझाने, विद्येचा. परीक्षार्थी त्याला साकडं घालतात. एन-थ्रीचं काय ते बोलून घे.

एक दिवस जवळच्या नारा गावाला दे. गाडीने पाऊण तास, सातशेच्या आसपास येन. तोदाइजी देवळातल्या महाबुद्धाचे डोळे ७५२ साली ज्याने रेखले तो बोधिसेन भारतीय भिक्षू होता. ते बघून झालं की वरच्या निगात्सुदो या दालनाच्या सज्जात जा. तिथे तिकीट नाही आणि खाली सगळं नारा दिसतं.

क्योतोतल्या गिओन या गेइशांच्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत कॅमेरा घेऊन शिरू नकोस, १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्या आहेत आणि तिथे माणसं राहतात.

व्हिसाच्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम आणि बँकेचे कागद लागतात, तेव्हा तारखा या आठवड्यातच ठरव. जाड जॅकेट विकत घेऊ नकोस, पुण्यात ते परत घालायचं कधी? माझं कपाटात पडून आहे. रविवारी क्लास सुटला की थांब, अंगाला बसतं का बघू.

तुझी,
सेन्सेई