एकाच हातचं जेवण, दोन रिपोर्ट

"मॅडम, रक्तातच नसेल तर गोळ्या देऊन काय उपयोग?"

नाशिकच्या पंचवटीतून आलेल्या या ताईंनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. मग पर्समधून मुलांचे रिपोर्ट काढले आणि कडा जुळवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. थोरली पंधरा वर्षांची, दहावीत. तिचं व्हिटॅमिन डी ९ आणि बी-१२ १४२. धाकटा बारा वर्षांचा. त्याचं डी २२, बी-१२ २८६. मुलीच्या दोन्ही कमी आकड्यांभोवती लाल पेनाने गोल केलेले होते. पेन इतकं दाबलेलं, की कागद मागून उठला होता.

"दोघं एकाच हातचं जेवतात. मग हिचंच असं का?"

बालरोगतज्ज्ञांनी औषध लिहून दिलं होतं, पण तीन आठवडे झाले तरी पाकीट फोडलेलं नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगण्यासाठी माझ्याकडे पाठवलं. घरात सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता: "तुझ्या माहेरचं आहे हे. तुझी आई चाळिशीतच गुडघे धरून बसली." त्यातच कुणीतरी मुलीची डीएनए चाचणी करून घ्या म्हणून सुचवलं होतं. चांगली काही हजारांची. तिच्यासाठी पैसे काढायचे की नाही, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत मी चुकले, हे आधी सांगते. त्यांनी विचारलं, "आनुवंशिक असतं का?" आणि मी सरळ शिकवायला बसले. असतं, म्हटलं. कातडीत उन्हामुळे डी तयार होतं, पण ज्या कच्च्या मालापासून ते होतं त्यातला काही भाग डीएचसीआर-७ नावाच्या जनुकाचं विकर (एन्झाइम) कोलेस्टेरॉलकडे वळवतं. पुढे यकृतात त्यावर सीवायपी-२आर-१चं विकर काम करतं. रक्तातून ते वाहून नेणारं प्रथिन जीसी या जनुकावरून बनतं. बाजार समितीत माल किती आला यापेक्षा टेम्पो किती आहेत यावर गणित फिरावं, तसं. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, युरोपीय वंशाच्या सुमारे ३४,००० लोकांच्या अभ्यासात याच जनुकांमधले फरक डीच्या पातळीशी जोडलेले सापडले. बी-१२चंही तसंच आहे, एफयूटी-२ आणि टीसीएन-२ ही त्यातली दोन नावं.

सगळं बरोबर होतं. पण ताईंचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळेच."

मी जनुकांबद्दल बोलत होते, त्या माहेराबद्दल ऐकत होत्या. आपल्याकडे 'आनुवंशिक' हा शब्द बहुतेक वेळा सुनेच्या बाजूनेच वाचला जातो, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

दुसऱ्या भेटीत पाटी पुसून सुरुवात केली. मूल निम्मं आईकडून घेतं, निम्मं बापाकडून, आणि कोणतं निम्मं ते प्रत्येक वेळी नव्याने ठरतं, म्हणून सख्ख्या भावंडांतही फरक पडतो. पण या नेहमीच्या फरकांनी डीच्या पातळीतल्या चढउताराचा लहानसाच वाटा उलगडतो. शिवाय ज्याची वाहतूक जरा मंद आहे, त्यालाही ऊन आणि औषध लागू पडतंच. फार तर थोडं जास्त किंवा थोडं जास्त दिवस लागेल. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या ३१ टक्के मुलामुलींमध्ये बी-१२ची आणि २४ टक्क्यांमध्ये डीची कमतरता आढळली होती. एवढ्या सगळ्यांच्या आयांचं माहेर एकच कसं असेल, असं मी म्हटल्यावर ताई पहिल्यांदा हसल्या.

मग काही गोष्टी मुद्दाम विचारल्या, कारण खरोखर आनुवंशिक असे आजारही आहेत. लहानपणी पाय वाकले होते का? उशिरा चालायला लागली का? डीचे पूर्ण डोस घेऊनही कुणाचा मुडदूस हटला नाही, असं घराण्यात घडलंय का? "तुम्ही दोघं नात्यातले का?" हेही विचारलं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे होतंच, आणि असे काही दुर्मिळ आजार तिथे उमटण्याची शक्यता वाढते. सगळ्याला उत्तर 'नाही' होतं. डॉक्टरांनी केलेल्या तपासणीत कॅल्शियमही ठीक होतं. डीएनए चाचणीचे पैसे वाचवा, हे मी मग नि:शंकपणे सांगितलं. चाचणीचा निकाल काहीही आला असता, तरी आज द्यायचं औषध तेच होतं.

राहिला प्रश्न, हिचंच असं का. त्यासाठी मुलांशी वेगवेगळं बोलले.

थोरलीचा दिवस मी कागदावर मांडला. सकाळी साडेसहाला क्लास, मग शाळा, संध्याकाळी कॉलेज रोडला दुसरा क्लास. जाणं-येणं मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून: डोक्याला स्कार्फ, डोळ्यांखालपर्यंत चेहरा बांधलेला, कोपरांच्या वर जाणारे हातमोजे, वर सनकोट. उघडी राहतात ती फक्त बोटांची टोकं. आजी रोज कोवळ्या उन्हात बसायला सांगते म्हणून ती रविवारी खिडकीशी बसते. पण डी तयार करणारे किरण काचेतून आत येत नाहीत आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फारच थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, त्या वेळचं ऊन लागतं. चेहऱ्यावर पुरळ येतात म्हणून दूधही तिने वर्षभरापूर्वी सोडलं होतं. शाकाहारी घरात बी-१२ प्रामुख्याने दुधादह्यातूनच येतं. एका मोठ्या ग्लासात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि गरज दिवसाला दोन-अडीच. आजीचा भरवसा मोड आलेल्या मटकीवर. मिसळीबद्दल नाशिककरांपुढे वाकडं बोलायची माझी हिंमत नाही, पण मोड आले म्हणून मटकीत बी-१२ येत नाही.

धाकटा सुट्टीच्या दिवशी दुपारभर गोल्फ क्लबच्या मैदानावर क्रिकेट खेळतो, त्यामुळे डीचं कोडं सुटलं. बी-१२चं मात्र सुटेना, कारण दूध त्यालाही आवडत नाही.

"बाहेर काही खातोस का रे?"

तो बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजीला सांगणार नाही ना?" नाही, म्हटलं.

मॅचनंतर, आणि एरवीही, ऑम्लेट-पाव. आठवड्यातून तीन-चारदा, कधी डबल. पैसे मित्राचे, उधारी वहीत लिहिलेली. हिशोब फिटायचा बाकी.

मी अडकले. या एका वाक्यात त्याच्या आईच्या तीन आठवड्यांच्या रडण्याचं उत्तर होतं, आणि ते सांगायचं नाही असं मी त्याला आत्ताच कबूल केलं होतं. म्हटलं, मी नाही सांगणार, पण तू आईला सांगशील का? आई स्वतःला दोष देतेय, तुझ्या आणि ताईच्या आकड्यांवरून. त्याने बराच वेळ विचार केला. "बाबांसमोर नको," एवढीच अट घातली.

ताईंना त्याने माझ्यासमोरच सांगितलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. त्या लाल गोलांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मेल्या, सांगितलं असतंस तर मी झोपले तरी असते."

औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. डीचं ते ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदाच, हे मी तीन वेळा बजावलं. तेच पाकीट रोज दिलेलं एक घर मी पाहिलं आहे, आणि तिथून मूल थेट दवाखान्यात गेलं होतं. थोरलीने दूध नाकारलं, ताक कबूल केलं. तीन महिन्यांनी तिचं डी ३१ आणि बी-१२ ३९० होतं. सनकोट अजून आहे, फक्त आता दुपारी शाळेतून घरी चालत येताना हातमोजे दप्तरात असतात.

थोरलीच्या वडिलांना तळपायाला मुंग्या येतात, हे ताईंना बोलता बोलता आठवलं. त्यांचीही तपासणी झाली. बी-१२ लेकीच्या पहिल्या आकड्यापेक्षा कमी निघालं. सासूबाई त्यावर काय म्हणाल्या, हे ताईंनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.