दाढ काढायच्या आधी त्या गोळीचं नाव सांगा

तुम्ही विचारलंय की वडिलांना लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकागाठींच्या कॅन्सरसाठी, तोंडाने घ्यायच्या कॅप्सूल सुरू केल्यात, त्या घरी देताना काय सांभाळायचं आणि एखाद्या दिवशी राहून गेली तर काय करायचं. पुढे लिहिलंय, "सलाईन नाही, गोळ्याच आहेत, त्यामुळे तेवढं टेन्शन नाही." हे वाचलं आणि मला उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्या आप्पांना मँटल सेल लिम्फोमा आहे. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, मी लग्न होऊन धुळ्याला. मुंबईच्या डॉक्टरांनी इब्रुटिनिब दिलं. १४० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल रोज ठरल्या वेळी, एकदमच, ग्लासभर पाण्यासोबत. आमच्याकडे ज्याला सुई टोचली तो खरा आजारी. आप्पा स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "गोयीच शे ना, सुई थोडी शे!" दादाचंही तेच मत. मी धुळ्याहून फोनवर काही सांगितलं की म्हणायचा, तू सासरी बसून डॉक्टरकी करू नको.

तिसऱ्या महिन्यात आप्पांची दाढ ठणकायला लागली. दादानं गाडीवर बसवून तालुक्याच्या गावी नेलं. तिथं दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का? दादा म्हणाला, आहेत गाठीच्या. नाव ना त्यांनी विचारलं, ना यानं सांगितलं. रक्ताचा रिपोर्ट पाहिला, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी नॉर्मल होत्या, दाढ काढली.

रात्री साडेअकराला वहिनीचा फोन आला. आम्ही पहाटे पोहोचलो तेव्हा आप्पा भिंतीला टेकून बसलेले. आडवं झालं की रक्त घशात उतरायचं म्हणून रात्रभर तसेच. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात काळपट गुठळ्या. आई जुन्या धोतराची चिंधी घडी करून देत होती, ते दाढेखाली दाबत होते, दहा मिनिटांत चिंधी भिजत होती. तोंडात कापड धरूनच मला म्हणाले, "झोप उनी नही बेटा." धुळ्याला दवाखान्यात टाके घालून, औषधाचा बोळा दाबून धरला तेव्हा दुपारी कुठे रक्त थांबलं.

दादा म्हणतो, वय झालंय, रक्त येणारच, आणि प्लेटलेट तर नॉर्मल होत्या. इथंच त्याचं चुकतं, आणि तुमचंही चुकू नये म्हणून सांगते. हे औषध बीटीके नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि सुटत नाही. कॅन्सरच्या पेशी त्यामुळे अडतात, पण तेच प्रथिन प्लेटलेटमध्येही असतं. म्हणजे मोजायला प्लेटलेट पुरेशा, पण जखमेवर त्या धड चिकटत नाहीत. रिपोर्टात आकडा दिसतो, काम दिसत नाही. म्हणून दाढ असो की ऑपरेशन, आधी ३ ते ७ दिवस गोळी थांबवतात, नंतरही तसंच. किती दिवस ते गोळी लिहून देणारा डॉक्टर ठरवणार, दाताचा नाही आणि घरचे तर नाहीच नाही.

घरच्यांनी ठरवलं की काय होतं तेही पाहिलं. रक्त थांबल्यावर फोन करा, मग पुन्हा कधी सुरू करायचं ते सांगतो, असं मुंबईहून सांगितलं होतं. दादानं भीतीनं फोनच केला नाही, बारा दिवस डबी बंद. आई वेणीफणी करून द्यावी तशी रोज त्यांच्या मानेला तेल लावते, तिच्या बोटांना गाठ पुन्हा लागली. सुरू केल्यावर ती बसली, पण ते बारा दिवस मी विसरणार नाही.

त्याआधी पहिल्याच महिन्यातही असंच घाबरायची वेळ आली होती. रिपोर्टात लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढल्या होत्या. दादा म्हणाला, औषध लागू नाही. खरं तर गाठीतल्या पेशी निघून रक्तात येतात म्हणून सुरुवातीला आकडा वाढू शकतो, गाठी मात्र कमी होत असतात. तुमच्याकडेही तसं दिसलं तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आता तुमचा प्रश्न. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवली तर गेली ती गेली. दुप्पट कधीच नाही. कॅप्सूल फोडून केळ्यात कालवून देऊ नका, आमच्या आईनं एकदा तो बेत केला होता. ग्रेपफ्रूट चालत नाही. पपनस त्याच्याच कुळातलं, आम्ही तेही बंद केलंय. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, माशाच्या तेलाच्या गोळ्या हे रक्तस्राव वाढवतात. बुरशीच्या काही गोळ्या, क्लॅरिथ्रोमायसिन यांनी औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. टीबीच्या रिफॅम्पिसिननं, फिटच्या काही गोळ्यांनी ते उतरतं. गावातल्या कोणी गुळवेलीचा काढा दिला तर तोही डॉक्टरांना सांगूनच. ताप, छातीत धडधड, काळी शौच यात सकाळची वाट बघायची नाही. जुलाब बऱ्याच जणांना होतात, पाणी भरपूर द्या. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली काय उकडतं ते माहीत आहे तुम्हाला, आमची डबी धाब्याच्या घरात मधल्या खोलीत, कोनाड्यात असते.

हे सगळं इब्रुटिनिबचं. तुम्ही नाव लिहिलेलं नाही. अकॅलाब्रुटिनिबच्या कॅप्सूल असतील तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी त्यांचा असर कमी होतो. लेनालिडोमाइड असेल तर घरातल्या गरोदर बाईनं, किंवा जिला दिवस राहू शकतात तिनं, ती हातातही धरू नये. तेव्हा नाव बघा आणि तुमच्या डॉक्टरांचं ऐका, माझं नंतर.

दादाला मात्र एवढंच सांगायचंय. दीड वर्षानं आप्पांची दुसरी दाढ काढली. आधी मुंबईला फोन केला, सांगितले तेवढे दिवस गोळ्या थांबवल्या, दाताच्या डॉक्टरांना नाव कागदावर लिहून दिलं. अर्ध्या तासात रक्त थांबलं आणि संध्याकाळी आप्पांनी मऊ खिचडी खाल्ली. वय तर दीड वर्षानं वाढलंच होतं.